न्हाणीच्या भिंतीवरचं पाखरू

आमच्या कॉलेजात कुणाची सोयरीक कुठे फिसकटली, कुठल्या सरांनी टक्कल झाकायला टोप घेतला, कुठल्या मॅडमच्या डब्यातली भाजी रोज शेजारच्या विभागात जाते, हे आधी माझ्या टेबलावर यायचं आणि मग प्राचार्यांना कळायचं. मी हेडक्लार्क. टपाल मी फोडायचो. त्यामुळे रंगनाथची हकिगत माझ्याइतकी कुणाला ठाऊक नाही, आणि त्यातला थोडा दोष माझ्याही पदरात आहे. तो कुठला, ते सांगेनच. मी काही लपवणारा माणूस नाही, विशेषतः दुसऱ्याचं.

रंगनाथ मखमलाबादचा. भाऊ शेवंती-झेंडूचे वाफे बघायचे, पहाटे गाठोडी घेऊन फुलबाजार गाठायचे. हा मात्र प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळेचा शिपाई. बोटं गाजरासारखी जाड, पण त्याच बोटांनी तो तांदळाच्या कणीएवढ्या पतंगाचे पंख पसरून टाचणीवर असे बसवी की बघणाऱ्याने श्वास रोखावा. रोखावाच लागे, नाहीतर पतंग उडून जाई, मेलेला असला तरी. त्याची बायको नवसाबाई एकदा मला म्हणाली, "भाऊसाहेब, घरात झुरळ दिसलं की लोक चप्पल शोधतात. आमचं माणूस भिंग शोधतं."

ही विद्या त्याला जुन्या गर्गे सरांकडून मिळाली. सरांची पिशवी धरून तो पेठ, सुरगाणा, त्र्यंबक सगळं फिरला होता. सर सांगायचे, किडा कुणीही पकडेल, पण त्याचं गाव आणि तारीख लिहिली नाही तर तो नुसता केर. रंगनाथने ते इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या लग्नाच्या फोटोमागेही त्याने स्थळ, तारीख आणि 'संकलक: वडील' असं लिहून ठेवलं होतं.

आणि असा हा माणूस वर्षानुवर्षं खोट्या चिठ्ठ्या लिहीत होता.

त्याचं असं की तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक पोराला परीक्षेला पन्नास किड्यांची पेटी द्यावी लागे. पन्नास किडे, आणि प्रत्येकाच्या टाचणीत नखाएवढी चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कुणाला. आता कॉलेज रोडच्या बंगल्यातली पोरगी नाकतोड्याच्या मागे चिखलात पळणार आहे थोडीच? ती रंगनाथकडे यायची. मागल्या सालच्या पेट्या विभागातच पडलेल्या असत. रंगनाथ जुनी चिठ्ठी काढी, बारीक अक्षरात नवी लिही, टाचणी पुन्हा टोची, आणि त्र्यंबकला अठ्ठ्याऐंशी साली मेलेला भुंगा पंच्याण्णव साली पंचवटीत पुन्हा मरे. एक शिंगवाला भुंगा तर माझ्या माहितीत सात वेळा पकडला गेला. हाताळून हाताळून त्याचे चारच पाय उरले होते. परीक्षकांनी विचारलं, "उरलेले दोन कुठे?" तर पोरगं म्हणालं, "पकडताना झटापट झाली, सर."

मोबदला काय, तर एक पुडा चिवडा. हे प्राध्यापकांना माहीत होतं, प्राचार्यांना माहीत होतं, आणि चिवड्यात माझा वाटा होता. सलत असेल तर एकट्या रंगनाथला. काढलेली जुनी चिठ्ठी तो कधी फेकायचा नाही. लोणच्याच्या बरणीत टाकायचा. सर वारल्यावर ती बरणी त्याने कपाटाच्या मागच्या खणात, नजरेआड सरकवली.

सत्त्याण्णव सालच्या एप्रिलात पुण्याहून बाहेरच्या परीक्षक म्हणून विसपुते मॅडम आल्या. पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी, आणि पतंगांवर आयुष्य घालवलेल्या. एकेका पेटीवर नजर टाकत त्या चालल्या होत्या, त्या शुभांगीच्या पेटीपाशी थांबल्या, वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. आम्हाला वाटलं, पाठीत उसण भरली.

पेटीच्या कोपऱ्यात एक इवलासा पतंग होता. राखाडी पंख, त्यावर तांब्याची तार ओढावी तशी एक रेघ, आणि टोकाला दोन काळे ठिपके. आमच्यासारख्याने फुंकर मारून उडवला असता.

"हा कुठे मिळाला तुला?"

शुभांगी देवळाली कॅम्पची. वडील खंडेराव तिथल्या बाजारात फौजींचे गणवेश शिवायचे. पोरगी हुशार, पण किड्यांना भयंकर भ्यायची. ती पेटीसुद्धा तिने वर्तमानपत्रात धरून आणली होती. तिने घाईने चिठ्ठी वाचली. "देवळाली कॅम्प, मॅडम."

"ते मलाही वाचता येतं. कॅम्पात कुठे?"

"घरी... न्हाणीच्या भिंतीवर."

"केव्हा?"

"अंघोळीच्या वेळी."

मॅडमना हसू आलं नाही, इतका आनंद झाला होता. हा पतंग तोवर केरळात, कारवारकडे आणि कोकणातल्या ओल्या रानात मिळालेला. आमच्या बाजूला कुणाच्या नजरेस पडला नव्हता. त्या तो घेऊन गेल्या, आणि वर्षभराने त्यांचा लेख छापून आला. त्यात नकाशा, नकाशात देवळालीला एक ठळक ठिपका, आणि खाली शुभांगीचं नाव. प्राचार्यांनी पेढे वाटले. रंगनाथचा पेढा तासभर त्याच्या तळहातावर तसाच होता. हे माझ्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"काय रे, गोड बंद केलंस?"

"भाऊसाहेब, ते पाखरू देवळालीचं नाय. सुरगाण्याचं हाय. त्र्याण्णवला म्या सोताच्या हातानं धरलेलं."

"शेकड्यांनी चिठ्ठ्या बदलल्यास. हेच कसं आठवतं?"

"त्याच्याखाली बूच हाय."

बारीक पतंग नुसत्या टाचणीवर राहत नाही. त्याला आधी कशावर तरी बसवावा लागतो. रंगनाथ त्यासाठी ज्वारीच्या ताटातला पांढरा भेंड वापरायचा. सुरगाण्याला भात आणि नागली, ज्वारीचं ताट औषधालाही नाही. जवळचा भेंड संपला तेव्हा तिथल्या दवाखान्याचा राखणदार काळू याने त्याला औषधाच्या बाटलीचं बूच दिलं, आणि त्याची चकती कापून रंगनाथने हा पतंग त्यावर बसवला. सगळ्या विभागात बुचावर बसलेलं ते एकच पाखरू.

"मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

"प्राचार्य उभे होते. पोरीची परीक्षा होती. आणि सायेब, एवढंसं पाखरू... मला काय म्हाईत त्याचा नकाशा होईल?"

तिथेच ते मिटलं असतं. पण अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात, पितृपंधरवडा चालू असताना, मॅडमचं पत्र आलं. पत्र मी फोडलं. त्या देवळालीला चार दिवस येणार होत्या, पतंग जिवंत शोधायला. ती न्हाणीची भिंत त्यांना स्वतः बघायची होती, आणि मदतीला रंगनाथ हवा होता.

आता कबूल करतो. मी रंगनाथला बोलावलं, पत्र वाचून दाखवलं, आणि तोंड शक्य तितकं लांब करून म्हणालो, "याला चौकशी म्हणतात, रंगनाथ. निलंबनाचा कागद मलाच टाइप करावा लागणार. कार्बन लावून तीन प्रती. एक तुला, एक विद्यापीठाला, एक फायलीला. टायपिंगची चूक होऊ देणार नाही, तेवढं माझ्याकडे लागलं."

मला वाटलं, शिवी देईल. तो पांढरा पडला. "अठ्ठावीस वर्सं झाली, भाऊसाहेब," एवढंच म्हणाला आणि गेला.

पुढचे आठ दिवस मी त्याच्याकडे बघत होतो आणि माझी गंमत माझ्याच अंगावर येत होती. बेडकांच्या बाटलीवर त्याने विंचवाची चिठ्ठी लावली. सांगाडा पुसताना त्याला दोनदा "सर" म्हणाला. डबा उघडायचा, झाकायचा, पुन्हा उघडायचा. मी दोन वेळा म्हणालो, "अरे, थट्टा केली मी." तर म्हणे, "थट्टा तुमी केली, पत्र तर खरं हाय ना?"

रविवारी तो बरणी घरी घेऊन गेला. नवसाबाई सांगत होती, सकाळपासून ताटात चिठ्ठ्या घेऊन तांदूळ निवडावे तसे निवडत बसला, ताटाजवळून कुणी चाललं तरी ओरडायचा, "वारा नको, वारा नको!" दुपारी त्याला हवी ती चिठ्ठी मिळाली. सुरगाणा, दवाखान्याची भिंत, २६ सप्टेंबर १९९३, संकलक: रंगनाथ. ती त्याने खिशात घातली. नवसाबाईला वाटलं, सुटला. पण मन एका बाजूला घेऊन जात होतं आणि भीती दुसऱ्या. सोमवारी त्याने रजेचा अर्ज टाकला: आजोबांचं श्राद्ध. त्याच आजोबांच्या श्राद्धाची रजा मी आदल्याच आठवड्यात मंजूर केली होती. तरी सही केली. माणूस दुसऱ्यांदा आजोबा घालवतो, म्हणजे काहीतरी मोठं चाललंय.

तो गेला सुरगाण्याला. जीपमध्ये सतरा माणसांत अठरावा, मांडीवर स्टीलचा डबा. सकाळी दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या खाली, रातभर दिव्याला आलेली पाखरं अजून चिकटून बसलेली होती, आणि त्यांत तांब्याच्या रेघेचीही होती. बसताना ती डोकं खाली आणि मागचा भाग वर करून बसतात. रंगनाथला लांबूनच ओळखू आली. सात धरली. डब्यात ओला कापूस, चार पानं, वर मलमलचं फडकं दोऱ्याने बांधलेलं.

काळू झाडू घेऊन बघत होता. "काय करशील त्यांचं, रंगनाथभाऊ?"

"देवळालीला नेऊन सोडतो."

"तिथं नाहीत का?"

"नायत."

"मग नसू दे की!" काळू हसायला लागला. "आमची माणसं द्राक्षाच्या कामाला तिकडं जातात, तर टपावर बसून. तुझी पाखरं आत मांडीवर! आणि आमची माणसं पावसाच्या आधी परत येतात. ही येतील का?"

हे काळूचं बोलणं रंगनाथच्या कानात घाटभर वाजत राहिलं. जीप आदळली की तो डब्याला कान लावायचा. शेजारची म्हातारी अक्काबाई म्हणाली, "परसाद हाय का बाबा? दे की चिमूटभर." त्याने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला, तर ती सगळ्या जीपला सांगू लागली की बघा, देवाच्या नावानंसुद्धा माणूस हात सोडत नाही.

मॅडम त्याच दिवशी दुपारी देवळालीला उतरणार होत्या. मी रजा टाकून आधीच खंडेरावांकडे जाऊन बसलो होतो. कशाला, ते विचारू नका. खंडेराव दुकानावर गेलेले, पण चहा चांगला होता. रंगनाथ आला तो घामाने भिजलेला. शुभांगीचाही चेहरा उतरलेला. तिलाही सहा महिने झोप नव्हती. छापून आलेलं नाव दिसू नये म्हणून तो अंक ट्रंकेच्या तळाशी टाकलाय, म्हणाली. सुखात एकच जण होतं, तिची आई सखुबाई. तिने आदल्या दिवशी न्हाणीला दोन हात चुना मारला होता आणि कोपऱ्याकोपऱ्यात पावडर टाकली होती.

"पुण्याच्या मॅडम येणार, आणि त्यांना आमच्या न्हाणीत किडे दाखवू होय? एक मुंगी सापडली तर नाव बदला!"

भिंत अशी झळझळत होती की डोळे दिपावेत. रंगनाथ ती बघत होता, तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. तो "हात धुतो" म्हणाला आणि डब्यासकट न्हाणीत शिरला. पत्र्याचं दार लागलं. काय चाललंय, हे त्या घरात फक्त मला कळलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो.

मॅडम आल्या, पाणी प्यायल्या, आणि न्हाणीकडे न जाता आधी नकाशा उलगडून बसल्या. आवाज थकलेला होता.

"शुभांगी, हे बघ. हे सगळे ठिपके डोंगराच्या पश्चिमेकडून, ओल्या रानातून वर आलेत. आणि हा तुझा, एकटाच, इतका बाजूला. स्टेशनपासून इथवर बघत आले. हे त्या पतंगाचं रान नाही. सहा महिने लोक मला विचारतायत. मला आता वाटतंय, मीच ओळखायला चुकले. डोळे दगा देत असतील. इथे मिळाला नाही, तर मी लेख मागे घेणार. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा."

पत्र्याच्या दाराआड रंगनाथने तोवर दोरा सोडला होता. फडकं अर्धं वर उचललेलं. हे त्याने मला नंतर सांगितलं. बाई स्वतःच्या डोळ्यांना दोष देतायत, हे ऐकलं आणि त्याचे हात थांबले. फडकं परत दाबलं, दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या, आणि दार उघडून बाहेर आला. डबा नकाशावर ठेवला. खिशातली चिठ्ठी काढून डब्याशेजारी ठेवली. ती घामाने भिजली होती.

"मॅडम, तुमचे डोळे ठीक हायत. चिठ्ठी खोटी हाय. ती म्या लिहिली."

मग त्याने सगळं सांगितलं. पेट्या, बरणी, बूच, चिवडा. चिवड्यातला माझा वाटा त्याने वगळला, हे मी विसरलेलो नाही.

मग सखुबाई म्हणाली, "म्हणजे आमच्या न्हाणीत किडा नव्हताच ना? मी सांगतच होते!"

शुभांगी रडायला लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "माझं नाव काढा, मॅडम. पाखरू बघून मी अंघोळ केली असती का?"

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा लाल होता. "ही सोडणार होतात तुम्ही? इथे? आणि मी उद्या ती पकडून आनंदाने पुण्याला गेले असते? तुम्हाला कळतं का? पतंग चुकीच्या गावी लिहिला, तर माझ्यामागून येणारी माणसं पन्नास वर्षं चुकीच्या गावी शोधत राहतील."

"गर्गे सर हेच म्हणायचे," रंगनाथ म्हणाला.

मॅडमनी डबा उजेडात धरला. "किती आणलीत?"

"सात."

"सहा आहेत."

आम्ही पाचही जण न्हाणीत शिरलो. पांढरी भिंत, राखाडी पाखरू, लपणार कुठे? पण नव्हतं. वर कौलाखाली बोटभर फट होती. रंगनाथ त्या फटीकडे बघत राहिला तो हलेचना.

बाहेर आल्यावर मॅडमनी खोडरबर काढलं, देवळालीचा ठिपका पुसला आणि पेन्सिलने सुरगाण्याला नवा मारला. नकाशा लांब धरून बघितला. मग जवळ घेऊन. डोंगराच्या अंगाने वर चढत आलेल्या ठिपक्यांच्या रांगेत तो पुढचा होऊन बसला होता, जणू त्याचीच जागा मोकळी ठेवली होती.

"चहा आहे का अजून?" त्या म्हणाल्या.

निलंबन झालं नाही. पण रंगनाथ दुसऱ्या दिवशी स्वतःहून प्राचार्यांपुढे उभा राहिला, आणि ठपक्याचा कागद निघाला. टाइप मीच केला, कार्बन लावून तीन प्रती. पहिल्याच ओळीत दोन चुका केल्या. जुन्या किड्यांच्या पेट्या बंद झाल्या. चार पायांच्या भुंग्याला एकदाची सुट्टी मिळाली, आणि पुढच्या वर्षीपासून पोरं खरोखर गोदेकाठच्या गवतात धडपडताना दिसू लागली. मॅडमनी दुरुस्ती छापली. त्यात सुरगाणा, आणि संकलक म्हणून रंगनाथ आणि काळू. काळूने त्या पानाची झेरॉक्स दवाखान्यात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी चिकटवली.

एवढं होऊन रंगनाथ सुटला का? नाही. त्याला ते सातवं पाखरू सोडेना. दर सप्टेंबरात तो खंडेरावांकडे जायचा, चहाचं निमित्त करून न्हाणीची भिंत बघून यायचा. सखुबाईने एकदा मला विचारलं, "भाऊसाहेब, यांचं डोकं ठीक आहे ना?" मी म्हणालो, डोकं ठीक आहे, मोजणी चुकली आहे.

दोन हजार तीनला तो निवृत्त झाला. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात शुभांगीचा फोन आला. ती तोवर कॅम्पातल्याच शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि किड्यांची भीती निम्मी कमी झाली होती. "रंगनाथकाका, न्हाणीच्या भिंतीवर एक बसलंय. डोकं खाली, मागचं वर. रेघ तांबडी आहे. मी काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवलंय."

तो मला घेऊन गेला. रिक्षात नुसते गुडघे चोळत होता. भिंगातून बघितलं. तेच होतं.

"आपसूक आलं असेल," मी म्हणालो. "सात वर्षं झाली."

"का त्या एकीच्या पोटात अंडी होती?"

"एवढं कुणाला कळणार, रंगनाथ?"

"कळनार नायच. तेच तर."

मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, दोन्ही होऊ शकतं. चिठ्ठी लिहून पाठवा. शुभांगीने कागद पुढे केला. रंगनाथने लिहिलं: देवळाली कॅम्प, न्हाणीची भिंत, तारीख, संकलक: शुभांगी. हे पहिल्यांदाच खरं होतं. मग त्याने चिठ्ठी उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूला, अक्षर अजून बारीक करत, लिहीत बसला. मी खांद्यावरून डोकावलो. सवय जात नाही.

'१९९८ साली इथे माझ्या हातून एक सुटले होते. रंगनाथ.'

नकाशात तो ठिपका आहे आता, पोकळ, मध्ये प्रश्नचिन्ह घातलेला. आणि सप्टेंबर आला की आम्ही दोघं अजून जातो. मी चहा पितो. तो भिंत बघतो.